किल्ल्यामागचा हीटर

मी एक जुना हीटर आहे, मित्रांनो. पण थांबा. हीटर म्हटल्याबरोबर तुमच्यापैकी निम्म्यांना आंघोळीच्या बादलीत सोडायचा रॉड आठवला असेल आणि उरलेल्यांना थंडीत पायाशी ठेवायची लाल जाळीची शेगडी. मी त्यांतला कोणीच नाही. मी माशांच्या टाकीतला हीटर आहे. वीतभर लांब, अंगठ्याएवढा जाड, काचेच्या नळीत बसवलेला. डोक्यावर आकड्यांची फिरती चकती, तिच्याखाली ज्वारीच्या दाण्याएवढा लाल दिवा आणि टाकीच्या काचेला धरून राहण्यासाठी पाठीला रबराच्या दोन वाट्या. पाणी तापवून दाखवणं हे माझं काम नाही. पाणी आहे तसं राखणं हे माझं काम आहे. हे मी आयुष्यभर सांगत आलो. अजून कोणी नीट ऐकलेलं नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कुठल्या गावातल्या ते ठाऊक नाही, कारण खोक्यावर लिहिलेलं आतून वाचता येत नाही. तिथे माझ्या पोटात तारेचं वेटोळं घातलं, भोवती बारीक रेती भरली आणि वरच्या बाजूला दोन धातूंची एक पातळ पट्टी बसवली. ही पट्टी म्हणजे माझी अक्कल. पाणी गरम झालं की तिचा एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त प्रसरतो, पट्टी वाकते, वीज तुटते, दिवा विझतो. पाणी निवलं की पट्टी सरळ होते आणि दिवा पुन्हा लागतो. दिवा लागला म्हणजे मी काम करतो आहे. दिवा विझला म्हणजे काम झालं आहे. दोन्ही वेळा मी ठणठणीत असतो. कृपा करून एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पुढे मी औरंगपुऱ्यातल्या एका मासेवाल्या चाचांच्या दुकानात आलो. तिथून मला मोतीरामने घेतलं. मोतीराम वाळूजच्या एका कारखान्यात रंगखात्यात होता. चाचांनी मला त्याच्या हातात देताना सांगितलं, "पैले पानी में डालो, पाव घंटा ठैरो, फिर बटन दबाओ. निकालते टैम भी वैसाच. जल्दी करे तो कांच चटकती, समझे क्या?"

मोतीरामला एवढं समजलं. बाकीचं पुढे समजलं, तेव्हा त्याने मला टाकीच्या मागच्या काचेवर, खाली, आडवं बसवलं, आणि तेही फिल्टरमधून सुटणाऱ्या पाण्याच्या धारेत, म्हणजे मी दिलेली ऊब साऱ्या टाकीभर जाईल. वायर प्लगच्या खाली झोका देऊन सोडली, म्हणजे तिच्यावरून ओघळलेला थेंब जमिनीवर पडेल, बोर्डात शिरणार नाही. महिन्यातून एकदा तो मला बंद करून, निववून बाहेर काढायचा आणि अंगावर साचलेला पांढरा क्षार व्हिनेगरच्या फडक्याने पुसायचा. चार वर्षं मी त्याच्याकडे राहिलो. त्यातल्या पहिल्या हिवाळ्याबद्दल मी आत्ता काही बोलणार नाही. त्याची वेळ येईल.

गेल्या ऑगस्टमध्ये मोतीरामला कंपनीने सहा महिन्यांसाठी चेन्नईला पाठवलं. बायको तनुजा बाळंतपणासाठी माहेरी, कन्नडला गेलेली. मग मासे कोणाकडे ठेवायचे? रंगखात्यातलाच त्याचा मित्र रामेश्वर म्हणाला, माझ्याकडे ठेव. अशी आमची टाकी एका रविवारी टेम्पोतून सिडकोत, रामेश्वरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी आली.

घरात चार माणसं. रामेश्वर, त्याची बायको सुरेखा, आठवीतली मुलगी संस्कृती आणि रामेश्वरची आई मनकर्णाबाई. मनकर्णाबाईंचं सारं आयुष्य कन्नडच्या घाटाखाली मेंढरांमागे गेलेलं. गुडघे थकल्यावर मुलाने त्यांना शहरात आणलं. टाकी जागेवर बसली, पाणी भरलं, मासे सोडले, तेव्हा त्या काठी टेकत पुढे आल्या आणि काचेला नाक लावून उभ्या राहिल्या.

"किती हायती?" त्यांनी मोतीरामला विचारलं.

"मोठे दोन, मावशी. एंजल म्हणतात त्यांला. आन् बारके सहा, टेट्रा."

मनकर्णाबाईंनी बोट नाचवत दोनदा मोजलं. टेट्रा काही केल्या एका जागी थांबत नव्हते. "व्हय. दोन आन् सहा. मोजून घेतले, मोजून देते," त्या म्हणाल्या.

मोतीराम हसला. मग त्याने खिशातून घडी घातलेला वहीचा कागद काढला. "रामेश्वर, सगळं लिहून दिलंय. सहाच ओळी हायत. एकदा वाच."

"अरे, मी रोज एकशे साठ अंशाची भट्टी सांभाळतो," रामेश्वर म्हणाला. "तू मला सत्तावीस अंशाचं काय सांगतो?"

"म्हणूनच म्हणतो, वाच."

रामेश्वरने कागद फ्रिजवर, औषधांच्या डब्याखाली ठेवला. मित्रांनो, तिथे तो पुढे पाच महिने राहिला. मला बोलता आलं असतं तर मी रोज एकदा त्याची आठवण करून दिली असती.

रामेश्वर वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगतो. कारखान्यात रंग लावलेले लोखंडी भाग ज्या भट्टीतून वाळून निघतात, तिची देखभाल त्याच्याकडे होती. भट्टीचं तापमान तो चार ठिकाणी मोजायचा, नोंदवायचा, एक अंश इकडेतिकडे झाला तर कारण शोधायचा. पण कंपनीची बस घराच्या कोपऱ्यावर थांबली आणि तो खाली उतरला की ही सारी अक्कल बसमध्येच राहायची. घरी यंत्र म्हणजे बटन. चालू किंवा बंद.

मनकर्णाबाईंना तर बटन चालू असलेलं बघवतच नसे. सकाळी मुलगा कामावर आणि नात शाळेत गेली की त्या घरभर फिरून एकेक बटन बंद करायच्या. पंखा, टीव्ही, मग मी. "रिकामं जळून ऱ्हायलंय," असं म्हणायच्या. पावसाळ्यात पाणी एरवीही कोमट असतं, त्यामुळे माशांना काही झालं नाही. पण मला अपमान वाटायचा. दुपारी संस्कृती येऊन बटन सुरू करायची, संध्याकाळी पुन्हा आजीचा फेरा.

"आजी, ते बंद करायचं नसतं गं."

"दिवा तर इझल्याला व्हता त्याचा."

"दिवा विझला तरी ते चालूच असतं."

"इझल्यालं चालू असतंय आन् पेटल्यालं बी चालूच असतंय?" मनकर्णाबाई विचारायच्या. "मंग दिवा कशाला दिलाय त्याला, शोभेला?"

सुरेखा हसायची. मला मात्र हसू येत नसे, कारण प्रश्न बरोबर होता आणि घरात त्याचं उत्तर कोणालाच नीट देता येत नव्हतं.

मग पाण्याचा दिवस. आमच्या भागात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. त्या दिवशी घरात लढाई असते. टाकी, पिंप, बादल्या, पातेली, जे जे पोकळ ते ते भरायचं. त्याच धांदलीत आमचंही निम्म्याहून जास्त पाणी बदलायचं. सुरेखा नळी लावून जुनं पाणी तुळशीला आणि कढीपत्त्याला सोडायची. माशांच्या पाण्यावर झाडं चांगली वाढतात, हे तिचं खरं होतं. पण पाणी उतरत माझ्या अर्ध्या अंगापर्यंत यायचं आणि मला बंद करायची तिला आठवण नसायची. पाण्याबाहेर तापलेली काच, वरून गार पाण्याची बादली. बटन चालू असतं तर माझी काय अवस्था झाली असती, याचा विचार करा. मी फुटलो नाही हे नशीब, आणि त्या नशिबाचं श्रेय मनकर्णाबाईंच्या बटनं बंद करण्याच्या खोडीला आहे. पाण्याच्या दिवशी त्या सगळ्यांच्या आधी उठून मला बंद करून मोकळ्या झालेल्या असायच्या. मला हे कबूल करायला बराच काळ लागला.

आता किल्ल्याकडे येतो. सगळं तिथूनच बिघडलं.

दिवाळीला मुलं अंगणात मातीचा किल्ला करतात. दुसऱ्या मजल्यावर अंगण कुठलं? संस्कृती दरवर्षी हट्ट करायची आणि दरवर्षी जिन्याखालच्या जागेवरून शेजाऱ्यांशी वाद व्हायचा. या वर्षी रामेश्वरला युक्ती सुचली. किल्ला टाकीतच करायचा. आणि पाण्यातच करायचा तर खंदक असलेला दौलताबादच करायचा.

बापलेकीने दिवाळीच्या सुट्टीचे दोन दिवस त्यात घालवले. दौलताबादच्या रस्त्याकडेचे काळे दगड आणले, उकळून घेतले, सिलिकॉनने जोडले. तट झाला, बुरूज झाले, मधोमध सुळक्यासारखा डोंगर झाला. बाजूला गुलाबी रंगाच्या दगडाचा निमुळता चांद मिनार उभा राहिला. खरं सांगतो, किल्ला सुंदर झाला होता. तळापासून जवळजवळ पाण्याच्या पातळीपर्यंत उंच आणि टाकीच्या डाव्या बाजूला समोरच्या काचेपासून मागच्या काचेच्या थोडं अलीकडेपर्यंत.

प्रश्न एकच उरला. "पप्पा, हा हीटर मधेच दिसतोय. फोटोत घाण दिसतो," संस्कृती म्हणाली.

घाण! चार वर्षं मी या माशांना जगवलं.

"किल्ल्याच्या मागे टाकू," रामेश्वर म्हणाला. आणि त्याने मला फिल्टरच्या धारेतून उपटून डाव्या कोपऱ्यात, तटाच्या मागे, उभं लावलं. काचेचा छोटा थर्मामीटरही महादरवाजाच्या आड येत होता, म्हणून तोही माझ्या शेजारी चिकटवला. बोर्डही त्याच बाजूला होता, त्यामुळे वायर दिसेनाशी झाली. सगळे खूश. शेजारच्या सुगंधाबाई नातवंडांना घेऊन बघायला आल्या. दौलताबादचा किल्ला शत्रूला आत येऊ देत नसे, अशी त्याची ख्याती आहे. या दौलताबादने माझी ऊब बाहेर जाऊ दिली नाही.

कोपऱ्यातलं ते घागरभर पाणी मी घटकाभरात तापवायचो. माझी पट्टी वाकायची, दिवा विझायचा. शेजारचा थर्मामीटर इमानेइतबारे सत्तावीस दाखवायचा. आणि तटापलीकडे, उजवीकडे, उरलेली सारी टाकी हळूहळू गार होत जायची. मला ते कळत होतं का? नाही. माझी अक्कल माझ्या अंगाला लागणाऱ्या पाण्यापुरती आहे. पण कळणारी चार माणसं घरात होती.

नोव्हेंबर कसाबसा निभला. डिसेंबरात थंडी पडली; पाण्याचा दिवस सोडला तर मनकर्णाबाईही आता माझं बटन बंद करेनाशा झाल्या. सकाळी गॅलरीतल्या पिंपात हात घातला तर कळ यायची. माशांनी काय केलं? तट आणि मागची काच यांच्यामध्ये चार बोटांची फट राहिली होती. तिच्यातून ते माझ्या कोपऱ्यात आले आणि मला चिकटून राहू लागले. दोन्ही एंजल, काळी आणि बांडी, पंख मिटून माझ्या दोन बाजूंना. ही नावं मनकर्णाबाईंनी ठेवलेली. एक काळी होती आणि दुसरीच्या अंगावर मेंढीसारखे पांढरेकाळे डाग होते.

"अगं आई गं, किती क्यूट," सुरेखा म्हणाली आणि तिने फोटो काढून बहिणीला, प्रेरणाला पाठवला. प्रेरणाने उत्तर दिलं, हीटरवर किती माया आहे बघ त्यांची.

माया! मित्रांनो, थंडीत शेकोटीभोवती माणसं बसतात, ती काय शेकोटीवरच्या मायेने?

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एक टेट्रा मेला. फिल्टरच्या तोंडाशी पांढरा पडून तरंगत होता. रामेश्वर दुसऱ्या पाळीला निघण्याआधी टाकीपुढे आला, माझ्याकडे पाहिलं. दिवा विझलेला. त्याने चकती सत्तावीसवरून एकोणतीसवर नेली. दिवा लागला. तो समाधानाने निघून गेला. कोपरा एकोणतीस झाला, दिवा विझला. टाकी होती तशीच गार.

चार दिवसांनी दुसरा टेट्रा गेला. चकती बत्तिसावर. आता माझा कोपरा इतका तापला की मासे तिथेही राहीनात. ते फटीत अडकल्यासारखे थांबायचे, शेपटीला थंडी आणि तोंडाला चटका. बांडीच्या पंखांवर रव्याचे कण शिंपडावेत तसे पांढरे ठिपके दिसू लागले. ती खायची थांबली.

"हीटरच गेलाय," सुरेखा म्हणाली. "कधी बघावं तर बंद. नवीन घेऊन या."

"थर्मामीटर तर बत्तीस दाखवतोय," रामेश्वर म्हणाला.

"मग तोही गेला असेल."

मी गेलो नव्हतो. मी इतक्या प्रामाणिकपणे काम करत होतो की कोणाला ते दिसतच नव्हतं. जुनं झालं, बिघडलं, फेका. चूक मांडणीत आहे का, हे तपासायला लागतो वेळ. यंत्राला नावं ठेवायला तोही लागत नाही.

रविवार उजाडला. संक्रांत तीन आठवड्यांवर आली होती आणि संक्रांत झाली की मोतीराम येणार होता. रामेश्वर बाजारात जायला बूट घालत होता.

"नवीन हीटर आणतो. आणि दोन टेट्रा," तो सुरेखाला हळूच म्हणाला. "सगळे सारखेच दिसतात. मोतीरामला काय कळतंय."

मनकर्णाबाई सोफ्यावर लसूण सोलत होत्या. त्यांचा हात थांबला.

"काय आणायलास?"

"काही नाही आई. दोन बारके मासे."

"कुणाच्या बदली?"

रामेश्वर बुटाच्या नाडीकडे बघत राहिला.

"तुझा बाप लोकाची मेंढरं चारायला न्यायचा," मनकर्णाबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "चार चार महिने. वाटंत एखादं दगावायचंच. कव्हा लांडगा, कव्हा थंडी. पण धनी आला की आधी मेल्यालं सांगायचं, मंग जित्तं मोजायचं. दुसऱ्याचं मेंढरू इकत आणून कळपात घुसवलं असतं तर पुढल्या साली कुणी शेळी बी दिली नसती आपल्याला."

"आई, मासे आहेत ते."

"मोजून घेतलेत म्या."

रामेश्वर एक बूट घालून तसाच बसला. त्याला काय लागलं ते मला दिसत होतं. दोन माशांचं दुःख होतंच, पण मोतीरामसमोर मान खाली घालावी लागेल याची भीती त्याहून मोठी होती. आणि बांडीही जाणार, हे तिच्याकडे बघून कोणीही सांगितलं असतं.

मनकर्णाबाई उठल्या. लसणाचे हात धुतले, पुसले. "बघू दे मला."

त्यांनी आधी काय केलं असेल? बटन बंद केलं. त्यांची खोडच ती. पण मित्रांनो, या घरात पाण्यात हात घालण्याआधी मला बंद करणारं हे पहिलं माणूस. मी पाच महिन्यांचा राग त्या क्षणी थोडा गिळला.

"थंडीत कोकरू गपगार पडलं की अंगाला हात लावून कळत नाय," त्या संस्कृतीला म्हणाल्या. "लोकर गरमच लागती. त्याच्या तोंडात बोट घालून बघायचं. तोंड गार लागलं की समजायचं, आता हयगय केली तर गेलं."

"माशाच्या तोंडात बोट घालणार तू?"

"येडी का तू? टाकीचं तोंड कुठाय ते बघते."

त्यांनी बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि हात माझ्या कोपऱ्यात घातला. "इथं तर लई गरम. न्हाऊ घालावं असं." मग हात काढून स्टुलावरून उजवीकडे सरकल्या आणि पार तळापर्यंत दंड बुडवला. चेहरा बदलला. "अरं बाबा. हे तर रांजणातलं पाणी हाय."

"काय?"

"ये, हात घाल. तुझ्या काचंच्या काडीला काय इचारतो. ती तर चुलीम्होरं बसलीय. तिला सगळं गाव गरमच वाटंल."

रामेश्वरने हात घातला. उजव्या टोकाला. मग डाव्या. मग पुन्हा उजव्या. तो तसाच उभा राहिला, बाही भिजलेली, एक पाय बुटात आणि एक मोज्यात.

"बर्नरच्या तोंडाशीच तापमानाचा सेन्सर," तो स्वतःशीच म्हणाला. "कारखान्यात नव्या पोराने असा लावला असता तर मी त्याला दिवसभर फैलावर घेतलं असतं." मग किल्ल्याकडे बघितलं. "आणि समोर भिंत. हवा फिरायलाच जागा नाही."

"पाणी, पप्पा," संस्कृती म्हणाली.

"तेच."

संस्कृती स्वयंपाकघरात गेली आणि फ्रिजवरचा कागद घेऊन आली. औषधाच्या बाटलीचा गोल डाग पडलेला. तिने मोठ्याने वाचला. "तीन. थर्मामीटर हीटरजवळ लावू नको, समोरच्या टोकाला लाव. चार. हीटरच्या पुढे काही ठेवू नको, फिल्टरच्या धारेत राहू दे."

 सुरेखाने लसणाची ताटली उचलली आणि आत नेली.

मी मनात म्हणालो, हेच मी ऑगस्टपासून सांगतो आहे.

यानंतर रामेश्वरने जे केलं त्याबद्दल मी त्याला पूर्ण गुण देतो. त्याने घाई केली नाही. चकती बत्तिसावर होती. मला तसंच धारेत लावून बटन दाबलं असतं तर पाणी चढत बत्तिसावर जाऊन थांबलं असतं आणि उरलेले मासेही गेले असते. पण भट्टीवाला माणूस आता बसमधून घरात उतरला होता. "गार भट्टी एकदम चढवायची नसते," तो म्हणाला. मी निवेपर्यंत थांबला, चकती बाविसावर आणली, मला धारेत खाली आडवं बसवलं, आणखी पाव तास वाट पाहिली आणि मग बटन दाबलं. थर्मामीटर उजव्या टोकाला गेला. सकाळी एक अंश, संध्याकाळी एक अंश. तो पाळीवर असला की संस्कृती चकती फिरवायची आणि वहीत लिहायची. चाचांकडून ठिपक्यांचं औषध आलं. नवीन हीटर आला नाही. टेट्राही आले नाहीत.

किल्ला बाहेर काढताना संस्कृतीच्या डोळ्यांत पाणी आलं. तो गॅलरीत ठेवला. खंदकात पाणी घातलं. आता तिथे चिमण्या येतात. चांद मिनार तेवढा टाकीत राहिला. तो बारीक आहे, पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी जातं.

बाराव्या दिवशी बांडीचे ठिपके गेले. ती मला सोडून पार उजव्या टोकाला, थर्मामीटरपाशी जाऊन चारा मागू लागली. मासे माझ्याकडे फिरकेनासे झाले, मित्रांनो. हीच माझी पावती. हीटरला मासे विसरले की समजावं, सगळं ठीक चाललं आहे.

संक्रांतीनंतरच्या रविवारी मोतीराम आला. हातात तिळगूळ, आणि मुलगी झाल्याचे पेढे. पाणी प्यायला, चेन्नईच्या उकाड्याबद्दल बोलला आणि खुर्ची टाकीकडे वळवू लागला. रामेश्वर आईकडे बघत होता. मनकर्णाबाईंनी नुसती मान हलवली.

"मोतीराम, आधी ऐक," रामेश्वर म्हणाला. "दोन टेट्रा मेले. डिसेंबरात. माझी चूक. थर्मामीटर हीटरपाशी लावला आणि पुढे किल्ला बांधला. तुझा कागद वाचलाच नव्हता."

 मोतीराम टाकीपुढे उकिडवा बसला आणि मोजू लागला. बराच वेळ मोजत होता. चारच तर होते.

"मावशी," तो शेवटी म्हणाला, "माझ्याकडं पहिल्या वर्षी बारके बारा व्हते."

आता तुम्हाला त्या पहिल्या हिवाळ्याबद्दल सांगायला हरकत नाही. मी तिथे होतो. पाव तास थांबणं तेवढं त्याला चाचांनी सांगितलं होतं. बाकी सगळं तो मासे गमावून शिकला.

"बारा?" रामेश्वरने विचारलं. "तू कधी बोलला नाहीस."

"कोणत्या तोंडानं बोलणार? रंगखात्यात पैज लावून मासे पाळले व्हते." मोतीरामने कागद हातात घेतला, डागावरून अंगठा फिरवला. "हे सहा ओळींचं तुला हुशारीनं लिहिल्यावानी वाटलं का? एका माशाला एक ओळ हाय ही."

मग त्याने सांगितलं की तनुजा आणि बाळ उन्हाळ्यापर्यंत कन्नडलाच आहेत, तो दर आठवड्याला ये-जा करणार आहे, तर टाकी आणखी काही महिने इथेच राहिली तर चालेल का.  मनकर्णाबाईंनी काठी टेकली आणि काचेला नाक लावलं.

"मंग आधी मोज," त्या म्हणाल्या. "मोठे दोन. बारके चार."

"मोठे दोन, बारके चार," मोतीराम म्हणाला.

"मोजून घेतले."

आता तो कागद टाकीच्या वर, बटनाच्या शेजारी चिकटवलेला आहे. त्यावर रामेश्वरच्या अक्षरात दोन ओळींची भर पडली आहे. दोन माशांच्या दोन. सात : पाणी बदलण्याआधी पाव तास बटन बंद. आठ : हा कागद आधी वाचावा.

तर मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं एखादं लहानसं, न दिसणारं यंत्र असेल. त्याचं कौतुक करू नका, त्याला सवय नाही. त्याच्यापुढे किल्ले बांधू नका. दिवा बघून त्याची परीक्षा करू नका. ते ज्याच्यासाठी राबतं आहे त्याच्यापर्यंत हात घालून बघा. आणि मला पुसून महिना उलटून गेला आहे. माझ्या अंगावर पुन्हा क्षार चढला आहे. पाचवी ओळ त्याबद्दलच आहे, आणि कागद डोळ्यांसमोर आहे.